शेवटच्या पंगतीचं अपग्रेड

परवा हिंजवडीतल्या एका मैत्रिणीचा फोन आला. अप्रेझल बरं झालं, बोनस जमा झाला आणि नवरा-बायकोने थेट क्रूझ बुक केली. "अगं, सगळं इन्क्लुडेड! केबिन, खाणं, शो, स्विमिंग पूल. खिशात हात घालायचाच नाही!" मी हसले. तिला वाटलं, मी जळतेय. (थोडी जळतही होते. फ्रीलान्सरला बोनस नसतो, मंडळी. फ्रीलान्सरला 'पेमेंट पुढच्या महिन्यात नक्की' असतं.)

पण हसण्याचं कारण वेगळं होतं. गेल्या डिसेंबरात मी आणि आई अशाच एका 'सगळं इन्क्लुडेड' जहाजावर तीन रात्री राहून आलो. सिंगापूरहून निघायचं, समुद्रात फिरायचं, परत सिंगापूरला यायचं. खिशात हात घालायचा नाही हे शंभर टक्के खरं आहे. कारण जहाजावर खिशाची गरजच उरत नाही. चढतानाच एक कार्ड हातात देतात. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. कॉफी घ्या, कार्ड दाखवा. फोटो काढून घ्या, कार्ड दाखवा. पैसे दिल्यासारखं वाटतच नाही. ते शेवटच्या दिवशी बिल आलं की वाटतं, आणि चांगलंच वाटतं.

म्हणजे फंडा असा. तिकिटात केबिन येते, मोठ्या डायनिंग हॉलमधलं जेवण येतं, बुफे येतो, नाचगाणी येतात. दारू येत नाही. कोल्ड्रिंकसुद्धा बहुतेक ठिकाणी येत नाही. वायफाय येत नाही, स्पा येत नाही, बंदरावर उतरून गाव बघायची सहल येत नाही. आणि ज्या रेस्टॉरंटचे फोटो बघून तुम्ही बुकिंग केलेलं असतं ते रेस्टॉरंट तर हमखास येत नाही! त्याला 'स्पेशालिटी डायनिंग' म्हणतात. माणशी वेगळे पैसे, शिवाय त्यावर अठरा-वीस टक्के सर्व्हिस चार्ज. मग प्रायॉरिटी बोर्डिंग, म्हणजे रांगेत उभं न राहण्याचे पैसे. मग आणखी वर बटलर, वेगळा डेक, वेगळी लिफ्ट.

यात लुबाडणूक आहे असं म्हणणार नाही. हिशेब उघड आहे. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल अशा मोठ्या कंपन्या त्यांच्या वार्षिक अहवालात तिकिटाची कमाई वेगळी दाखवतात आणि जहाजावरच्या विक्रीची वेगळी. २०२३ मध्ये दोघींच्याही एकूण कमाईतला जवळपास एक तृतीयांश वाटा हा असा तिकिटाबाहेरचा होता. म्हणजे स्वस्त तिकीट हे दुकानात शिरायचं तिकीट आहे. दुकान आत आहे. आणि एकदा जहाज निघालं की गिऱ्हाईक कुठे जाणार? पोहत?

तर आमच्या ट्रिपबद्दल. आई भडगावची. तुमच्यापैकी अर्ध्यांना भडगाव कुठे आहे हे माहीत नसणार, म्हणून सांगते. जळगाव जिल्हा, पाचोरा आणि चाळीसगावच्या मध्ये, गिरणेच्या काठावर. आमच्याकडे पाणी म्हणजे गिरणा, आणि गिरणेत पाणी म्हणजे धरणातून आवर्तन सुटलं तर. अशा गावच्या बाईला साठीनिमित्त चारी बाजूंनी पाणी दाखवायचं, हा माझ्या भावाचा प्लॅन. तो बंगळुरूला आयटीत आहे, त्याला सुट्टी नाही, म्हणून पैसे त्याचे आणि सोबत माझी. पाचोरा, चाळीसगाव, जळगावकडच्या पंचवीस-तीस जणांचा टूरग्रुप होता. त्यात आठ-नऊ बायका आईच्याच वयाच्या. चांगीवर सामान येईपर्यंत त्यांची गट्टी जमली होती.

पहिल्या दिवशी दुपारी बुफेत आईने काय करावं? ताटं भरून आणायला सुरुवात केली. स्वतःचं नव्हे, सगळ्यांची. "तुम्ही बसा, तुमचा गुडघा दुखतो. मी आणते." तीन फेऱ्या झाल्या. शेवटी ती स्वतः बसली तेव्हा ज्यांची ताटं तिने आणली होती त्या बायका आइस्क्रीमवर पोहोचल्या होत्या. मी चिडले. ती म्हणाली, "मला सवय आहे."

ही सवय मला माहीत आहे. खान्देशातली पंगत तुम्ही पाहिली नसेल तर एकदा पाहाच. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, पत्रावळीवर तुपाची धार, आणि वाढणारे असे आग्रही की 'नको' म्हणायला हात आडवा धरावा तर हातावर वाढतील. मॅगझिनवाले याला 'कम्युनिटी डायनिंग' म्हणतील आणि फोटो छापतील. पण पंगत सगळ्यांना सारखी असते हे फोटोतच. आमच्या घरच्या कार्यात पहिली पंगत पाहुण्यांची आणि पुरुषांची, मग पोरंटोरं, मग आलेल्या बायका, आणि सगळ्यात शेवटी ज्यांनी पहाटेपासून पिठं मळली त्या घरच्या बायका. तोवर भाजी तळाला गेलेली, बट्ट्या गार. कोणी कोणासोबत बसायचं याचे जातीचे हिशेबही पंगतीने पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहेत, ते वेगळेच. म्हणूनच आपल्याकडे म्हणतात ना, वाढणारा ओळखीचा असेल तर शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं.

क्रूझवर काय विकतात ते मला या म्हणीवरून कळलं. अन्न नाही विकत हो. अन्न भरपूर असतं, मध्यरात्रीसुद्धा असतं. ते विकतात वाढणाऱ्याची ओळख. तुमचं नाव घेऊन स्वागत करणारा माणूस, तुमची खुर्ची मागे ओढणारा माणूस, आणि ज्यातून बाकीच्यांना आत येता येत नाही असं एक दार.

हे दार आजचं नाही, शंभर वर्षांहून जुनं आहे. १९०५ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन कंपनीने 'अमेरिका' नावाच्या जहाजावर पहिल्यांदा रिट्झच्या नावाने वेगळं रेस्टॉरंट काढलं. फर्स्ट क्लासचं तिकीट काढलेल्यांनीसुद्धा तिथे जेवायचे वेगळे पैसे मोजायचे! तिकिटात राजेशाही डायनिंग हॉल होताच, पण तिथे फर्स्ट क्लासचे सगळेच असायचे ना. आयडिया इतकी चालली की इतर कंपन्यांनी उचलली. १९१२ च्या टायटॅनिकवरही असं रेस्टॉरंट होतं. ते चालवायला गास्पारे गाट्टी नावाच्या इटालियन माणसाला दिलं होतं. त्याचे साठाहून जास्त आचारी, वेटर आणि मदतनीस जहाजावर होते. ते धड जहाज कंपनीचे नोकर नव्हते आणि धड प्रवासीही नव्हते. त्यातले फक्त तिघं वाचले. कॅप्रिओचा सिनेमा चारदा पाहूनही ही गोष्ट मला माहीत नव्हती.

मग ओशन लायनर गेले, विमानं आली, क्लास मोडले, क्रूझवर 'सगळे सारखे' असं काही वर्षं चाललं. पूर्ण सारखे कधीच नव्हते. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २' वर, म्हणजे २००४ च्या जहाजावर, तुमची केबिन कुठली त्यावरून तुमचं रेस्टॉरंट ठरतं : क्वीन्स ग्रिल, प्रिन्सेस ग्रिल किंवा ब्रिटानिया. एमएससीने २००८ मध्ये 'यॉट क्लब' काढला, जहाजाच्या आत जणू वेगळं जहाज. सिंगापूरहून फिरणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'वर त्याचं नाव 'द पॅलेस'. स्वतंत्र पूल, स्वतंत्र रेस्टॉरंट, बटलर. खालच्या डेकवरचा माणूस वर बघतो, त्याला काच दिसते. (जाता जाता, 'पॉश' हा शब्द मुंबईच्या बोटीवरून आला, जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची गार केबिन मिळणारे ते पॉश, ही गोष्ट ऑफिसात कोणी ऐकवली तर मान डोलवा पण विश्वास ठेवू नका. शब्दकोशवाल्यांना त्याचा पुरावा सापडलेला नाही.)

आणि हे परदेशातलंच आहे असं नाही. मुंबईलाही क्रूझचं वेड अधूनमधून चढतं. २००५ च्या सुमारास 'सुपरस्टार लिब्रा' आली होती, तेव्हा कॉर्पोरेट पार्ट्यांमध्ये तिचीच चर्चा. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' निघाली, तेव्हा मी कॉलेजात होते आणि आम्ही फक्त फोटो पाहिले. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली आणि २०२० च्या कोरोनात तिची कंपनी बुडाली. २०२१ च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया' आली. तिचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० चं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. तिथेही हाच फंडा : 'स्टारलाइट'मधलं जेवण तिकिटात, 'शेफ्स टेबल'चे पैसे वेगळे. जैन जेवण मात्र मिळतं. ही आपल्या लोकांनी क्रूझच्या धंद्याला शिकवलेली गोष्ट. सिंगापूरच्या जहाजांवरही आता इंडियन व्हेज आणि जैन काउंटर दिसतात, ते काही चिनी पाहुण्यांसाठी नाहीत.

असो. दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनमध्ये एक जाड कागदाचं कार्ड. आईच्या नावाने. भावाने गुपचूप बुकिंग करून ठेवलं होतं : साठीनिमित्त दोघींसाठी स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये सात कोर्सचं शाकाहारी डिनर. मी फोनवर रेट बघितला आणि मनात भडगावच्या हिशेबात बदलला. दोन महिन्यांचा किराणा. मी भावाला मेसेज केला, 'वेडा आहेस का, खाली फुकट जेवण आहे.' त्याचं उत्तर आलं, 'फुकट जेवणात ती वाढायला उठते.'

यावर मी काय बोलणार?

आईला सांगितलं. तिचं पहिलं वाक्य अहिराणीत आलं. घाबरली किंवा फार आनंद झाला की ती अहिराणीत जाते. "त्या बायास्ले सोडीसन आपण एकलं कसं जेवानं?" त्या बायकांना सोडून आपण एकटंच कसं जेवायचं? मी म्हटलं, हे त्यांच्यासाठी नाहीये, दोघींचंच आहे. तर म्हणाली, निदान पाचोऱ्याच्या काकूंना तरी घेऊ, त्यांना डायबेटीस आहे, त्या काही जास्त खाणार नाहीत! मी खरंच रिसेप्शनवर जाऊन विचारलं. मुलगी गोड हसली. ज्यांच्या नावाने टेबल आहे तेच. हवं तर काकूंसाठी वेगळं बुकिंग करता येईल, त्याचा रेट असा असा.

तर आम्ही गेलो. आईने लग्नाकार्यातली पैठणी नेसली. खालच्या बायकांना तिने काय सांगितलं असेल? डोकं दुखतंय, केबिनमध्येच थांबते. पैठणी नेसून लिफ्टकडे जाताना ती चोरासारखी इकडेतिकडे बघत होती.

आत अंधारासारखा उजेड, बारा-पंधरा टेबलं, खिडकीबाहेर काळा समुद्र. वेटरने खुर्ची मागे ओढली तर आई म्हणाली, "राहू द्या, मी घेते." मग बसली. आणि मग तिला हात कुठे ठेवायचे ते कळेना. टेबलावर ठेवले, मांडीवर ठेवले, पदर सारखा केला. पुढचे दोन तास मी तिच्या हातांकडेच बघत होते. ते सतत काहीतरी उचलायला निघायचे आणि परत यायचे.

पदार्थांबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या डिशमध्ये बीटच्या कागदासारख्या चकत्या, मध्ये चीजचा ठिपका. आई हळूच म्हणाली, "किसायला विसरले वाटतं." मशरूमचं सूप कॉफीच्या कपात. ॲस्पॅरॅगसच्या तीन काड्या. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण सात कोर्स संपूनही खान्देशी पोट म्हणत होतं की आता जेवण कधी.

वाढणारा पोरगा तिशीचा असेल. दुसऱ्या कोर्सला त्याने आमचं बोलणं ऐकलं आणि मराठीत विचारलं, "मावशी, तिखट पाहिजे?" दक्षिण गोव्याचा निघाला. वडील जहाजावर, आजोबा जहाजावर. गोव्यात अशांना 'तारवटी' म्हणतात, घरटी एक तारवटी असलेली गावं आहेत तिथे. हा नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर, सहावा महिना चालू. आईने त्याला विचारायचं ते सगळं विचारून घेतलं : लग्न झालं का, मुलं किती, घरी फोन लागतो का. आणि मग तिने असा प्रश्न विचारला जो मी, मास कॉमची डिग्री घेऊन, तीन दिवसांत कोणाला विचारला नव्हता.

"बाळा, तुम्ही कधी जेवता?"

तो म्हणाला, "तुमचं सगळ्यांचं झालं की. साडेदहा, अकरा. खाली स्टाफची मेस आहे."

"म्हणजे शेवटची पंगत."

तो हसला. "हो मावशी. रोज शेवटची."

"भाजी उरते का?"

मला वाटतं, त्या अख्ख्या जहाजावर हा प्रश्न पडेल अशी ती एकटीच पाहुणी होती. तो थोडा थांबून म्हणाला, "उरते. भरपूर असतं. पण घरची नसते." नंतर त्याने आईला मिरचीचा ठेचा आणून दिला, बहुतेक त्याच मेसमधून. तो काही मेन्यूत नव्हता. सात कोर्समध्ये तिने मनापासून खाल्लं ते तेवढंच, ब्रेडला लावून.

शेवटी चॉकलेटचा गोळा आला, त्यावर त्याने गरम सॉस ओतला, गोळा विरघळला आणि आत छोटा केक. आईने लहान मुलासारखी टाळी वाजवली. मग आम्ही उठलो. एरवी उडुपी हॉटेलातसुद्धा ती ताटल्या एकावर एक रचून वेटरच्या हातात देते. त्या रात्री नाही दिल्या. टेबल तसंच सोडून ती चालत बाहेर आली, एकदाच मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बायकांनी विचारलंच. डोकं कसं आहे, आणि मग खरं फुटलंच, कारण पाचोऱ्याच्या काकूंनी लिफ्टमध्ये पैठणी पाहिली होती. काय होतं तिथे? आई म्हणाली, "काही नाही हो, थोडं थोडं वाढत होते. पोटच भरलं नाही." सगळ्या हसल्या. टाळीचं, केकचं, त्या पोराचं तिने एक अक्षर सांगितलं नाही. नंतर मी विचारलं, का नाही सांगितलंस? "त्यांना कशाला वाईट वाटायला." दार विकत घेतलं की त्याच्या आत जे होतं ते बाहेर आणता येत नाही, हे बिलात लिहिलेलं नसतं. आईला एरवी काही गोड लागलं की ते चार जणींना सांगितल्याशिवाय पचत नाही.

आता माझ्या हिंजवडीच्या मैत्रिणीने मला विचारलं की घेऊ का नको, कुठलं पॅकेज. तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. ड्रिंक्स पॅकेज घेताना नियम वाचा. बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. नवरा पितो आणि तू लिंबूपाणी, तर हिशेब करा. स्पेशालिटी डिनर घ्यायचंच असेल तर निघण्याआधी घरून बुक करा, जहाजावर साधारणपणे महाग पडतं. आणि पहिल्या रात्री अनेकदा सूट मिळते, कारण त्या दिवशी सगळे बुफेत घुसलेले असतात. प्रायॉरिटी बोर्डिंग तरुण माणसाने अजिबात घेऊ नये. रांगेत उभं राहा, मोबाइल आहे की हातात. गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर मात्र डोळे झाकून घ्या. वायफाय नका घेऊ. बॉसला खरंच सांगता येतं की रेंज नव्हती! आणि टिपचे पैसे बिलात आपोआप लागतात, ते काढून टाकायला रिसेप्शनवर जाऊ नका. आमच्या ग्रुपमधले दोघं गेले होते. मी त्यांच्याशी पुढे बोलले नाही.

पण दोन महिन्यांचा किराणा वसूल झाला का, हे तिला मला सांगता आलं नाही. भावाशीही मी त्यावर अजून भांडत असते.

फेब्रुवारीत कजगावला मामेभावाचं लग्न होतं. मांडवात दुपारी पहिल्या पंगतीच्या पत्रावळी पडल्या. पाहुणे, नानामामा, गावातली वडीलधारी पुरुष मंडळी बसायला लागली. आई भटारखान्याकडून हात पुसत आली आणि नानामामाच्या शेजारची पत्रावळ बघून सरळ खाली बसली. कोणी बोलावलं नव्हतं. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एका काकाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामी मागून ओरडली, "ती आते जहाजवरथीन येयेल शे, बठू द्या तिले!" मांडव हसला. आई नाही हसली. तिने पदर खोचला, पत्रावळीभोवती पाणी फिरवलं आणि वाढणाऱ्याची वाट बघत बसली.

वाढायला माणसं कमी होती. मामीने वरणाची बादली माझ्या हातात दिली.